घाटावर दिलेला शब्द

आमच्या वहिनी विधानसभेत पाच वर्षांत किती वेळा बोलल्या ते मला आता नीट सांगता येणार नाही, पण घाटावर त्या जवळजवळ रोज बोलायच्या. सणवार नाही, सुट्टी नाही. माणसं काय दिवाळी बघून जात नाहीत.

थांबा, आधी घाट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर बाहेरच्या वाचकांना काहीच कळायचं नाही. आमच्या दौंड-शिरूरच्या पट्ट्यात माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठी दशक्रिया विधी असतो. आम्ही नुसतं 'दहावा' म्हणतो. महाराजांचं प्रवचन होतं, गुरुजी पिंड मांडतात, आणि मग पुढाऱ्यांची भाषणं होतात. खरंच भाषणं. मंडप असतो, माईक असतो, नाव पुकारणारा असतो. छोटा पुढारी आधी, मोठा शेवटी. तुमचं नाव कितव्या नंबरला पुकारलं यावरून राजकारणात तुम्ही कुठं आहात ते गावाला कळतं, पेपर वाचायची गरज नाही. सगळ्यात शेवटी पिंड कावळ्यासाठी मोकळा सोडतात. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली, सगळे सुटले. नाही शिवला तर घरचे हात जोडून एकेक वचन देत बसतात.

लोकांना वाटतं राजकारण म्हणजे सभा. सगळा तालुका ज्यांना वहिनी म्हणतो त्यांची मी पीए होते, सात वर्षं, म्हणून सांगते. राजकारण म्हणजे सकाळी दहावा, दुपारी लग्न, संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि मधल्या वेळात रस्ते-पाणी-डीपी. डीपी म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, जो कायम जळालेला असतो.

मी दौंडात टायपिंगचा क्लास नुकताच पास झालेली पोरगी. वहिनी तेव्हा जिल्हा परिषदेत निवडून आलेल्या. त्याआधी ग्रामपंचायत झाली होती, महिलांची राखीव जागा, गावातल्या मोठ्या पाटील मंडळींना वाटलं मेंढक्याची सून आहे, गुमान सह्या करेल. वहिनींचं माहेर मेंढरांचं. लहानपणी त्या मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालत गेलेल्या. सासऱ्यांनी जमीन घेतली आणि घर एका जागी बसलं. पण सह्या त्यांनी गुमान केल्या नाहीत, एवढंच सांगते आणि पुढं जाते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, मग आमदारकी, हे सगळं पेपरात येऊन गेलंय.

पहिल्या दिवशी वहिनींनी मला विचारलं, "टायपिंग येतं ते ठीक हाय. माणसांशी बोलता येतं का?"

म्हटलं, "लय येतं. घरचे गप बस म्हणतात."

"मग तुझं काम टायपिंगचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्याचा दहावा असंल त्याची एक खरी गोष्ट शोधून आणायची. एकच. चांगली नसली तरी चालंल, खरी पायजे."

हेच माझं काम. दुसरे पुढारी घाटावर उठायचे आणि म्हणायचे, अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व, त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी. सगळ्यांसाठी तेच भाषण, नाव फक्त बदलायचं. वहिनी दोन मिनिटं बोलायच्या आणि ती एक गोष्ट सांगायच्या. मी आदल्या दिवशी त्या गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायचे, बूथवाल्याला म्हणायचे, जरा कुणाला तरी बोलवा. बूथवाले मला ओळखायला लागले होते. एकदा वरवंडचा बूथवाला म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन आला की वाटतं, आपल्यातलंच कोण गेलं."

एक अण्णा होते, त्यांचं गावात कुणाशीच पटायचं नाही. बांधावरून, पाण्यावरून, कोंबडीवरून, सगळ्यांशी भांडण. मी चार जणांना विचारलं, चौघांनीही शिव्या घातल्या. वहिनींना म्हटलं, यांचं काहीच नाही मिळत. वहिनी घाटावर उठल्या आणि म्हणाल्या, "अण्णा भांडायचे. माझ्याशी बी भांडले. पर पाठीमागं कधी एक शब्द बोलले न्हाईत. जे काय ते तोंडावर. असं भांडणारा आता गावात ऱ्हायला न्हाई." अण्णांचा भावकीतला सगळ्यात कट्टर वैरी टोपीनं डोळे पुसत होता. मी बघितलंय.

आणि एकदा तर फजितीच झाली. राहू गावाच्या बाजूला एकाच घाटावर एकाच सकाळी दोन दहावे होते, दोन मंडप, आणि आमचे ड्रायव्हर बबनमामा यांनी गाडी लावली भलत्याच मंडपापाशी. वहिनी खाली उतरल्या, लोकांनी वाट करून दिली, माईक हातात दिला. आता नाही कसं म्हणायचं? वहिनी बोलल्या. आम्हाला ज्यांच्या दहाव्याला जायचं होतं ते जन्मभर बैलांना हात न लावणारे, म्हणजे चाबूक न मारणारे. वहिनींनी तेच सांगितलं. तिथले गेलेले गृहस्थ शाळेत शिपाई. कुणी अडवलं नाही, दहाव्यात कुणी कुणाला अडवत नाही. नंतर त्यांचा मुलगा गाडीपाशी आला. मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो म्हणाला, "आमच्या आप्पांबद्दल इतकं चांगलं कुणीच कधी बोललं नव्हतं." गाडीत बसल्यावर वहिनी बबनमामांना म्हणाल्या, "मामा, आता दुसऱ्या मंडपात तेच परत सांगायला लागणार. लोकं म्हणतील तालुक्यात सगळेच बैलांचे देव."

तर या कामात वहिनींचा एक नियम होता आणि तो मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. घाटावर शब्द द्यायचा नाही.

सभेत द्यायचा, लग्नात द्यायचा, चहाच्या टपरीवर द्यायचा. "जित्या माणसाला दिलेला शब्द मागंफुडं झाला तर त्याला समजावता येतं," त्या म्हणायच्या. "दादा, औंदा न्हाई झालं, फुडल्या साली बघू. तो शिव्या देईल, पर ऐकंल. पिंडासमोर दिलेला शब्द कुणाला समजावणार? तिथं ऐकायला कोण न्हाई."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात, सोपानआबांच्या दहाव्याला. मला तेवढंच लिहायचंय, बाकीचं सगळं त्यासाठी सांगितलं.

डोहवाडी हे भीमेच्या काठावरचं गाव, आमच्या दौंड तालुक्यात. समोर नदीपलीकडं शिरूर तालुका. मध्ये नुसतं पाणी, बंधाऱ्यामुळं बारमाही. पलीकडचं देऊळ दिसतं, पलीकडच्या म्हशी दिसतात, पण रस्त्यानं जायचं तर एवढा मोठा वळसा की अर्धा दिवस जातो. म्हणून लोक काहिलीतून जायचे. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. ती पाण्यात सोडायची, दोन माणसं वल्ही मारणार, चार माणसं आत बसणार. शाळेची पोरं, बाळंतिणी, नवरदेव, सगळे कढईतून.

पूल का नव्हता? कारण नदीचा अर्धा भाग एका तालुक्यात, अर्धा दुसऱ्या. इकडचा पुढारी म्हणायचा तिकडच्यांनी करावा, तिकडचा म्हणायचा इकडच्यांनी. दोघांच्या मधला पूल म्हणजे कुणाचाच नाही.

सोपानआबांची थोरली लेक कांताक्का पलीकडं दिलेली, वडगाव रासाईच्या अंगाला. घर काठाजवळच. आबा रोज संध्याकाळी नदीवर जाऊन बसायचे. पलीकडं कांताक्का यायच्या. पात्र मोठं, आवाज पोचत नाही. दोघं नुसते एकमेकांकडं बघायचे, मग आबा टोपी काढून वर धरायचे, म्हणजे इकडं सगळं ठीक आहे. तिकडून त्या पदर हलवायच्या. मग दोघं घरी. ही मला बूथवर मिळालेली आबांची खरी गोष्ट.

आबा गेले तेव्हा वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती, काहील काठावर पालथी घातलेली. रस्त्यावरचे ओढे भरलेले, एसटी बंद. पाऊस अजून वाढणार म्हणून घरच्यांना थांबता येईना. कांताक्कांनी बापाची चिता पलीकडच्या काठावरून बघितली. नुसता धूर. दुसऱ्या दिवशी वळसा घालून त्या पोचल्या तेव्हा सावडायचं चाललं होतं.

दहाव्याला गर्दी भरपूर. वहिनी बोलल्या, टोपीची गोष्ट सांगितली आणि येऊन माझ्याशेजारी बसल्या. गुरुजींनी पिंड मोकळा सोडला. समोरच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसलेले आणि एकसुद्धा हलेना.

आबांचा मुलगा पोपटदादा हात जोडून म्हणाला, "आबा, आईला काय कमी पडू देणार न्हाई."

काही नाही.

"आबा, आम्ही भाऊ भाऊ वेगळं निघणार न्हाई." यावर धाकट्या भावाच्या बायकोनं खाली बघितलं. कावळ्यांनीही नाही म्हटलं.

"आबा, तुमचा मळा इकणार न्हाई."

बराच वेळ गेला. पाऊस भुरभुरायला लागला. असं झालं की शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावून उरकतात. त्यांनी दर्भ हातात घेतला तशी बायकांच्यातून कांताक्का उठल्या.

"दर्भाचा नको," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "आबांना काय पायजे ते हितं सगळ्यांना म्हाईत हाय. टोपी दाखवून दाखवून मेला माझा बाप. हितं बोलणारे एवढे मोठे मोठे बसलेत. एकानं तरी सांगा त्याला, पूल कवा व्हणार."

पुढाऱ्यांच्या रांगेतला एक जण घड्याळाकडं बघायला लागला, एक जण चष्मा पुसायला. माझ्या शेजारून वहिनी उठल्या. मी त्यांचा पदर धरला होता, हे मला नंतर कळलं, कारण तो माझ्या हातातून सुटला. चिखलातून चालत त्या पिंडापाशी गेल्या आणि हात जोडले.

"आबा, पूल मी करते," त्या म्हणाल्या. "पूल झाल्याबिगर तुमच्या डोहवाडीत मत मागायला पाय ठेवणार न्हाई."

कावळा आला. लगेच नाही आला, माणसं मागं सरकली आणि मग आला. बबनमामांचं म्हणणं, माणसं हटली म्हणून आला. असेल. पण त्या दिवशी त्या काठावर कुणीही तसं म्हटलं नाही.

गाडीत मी रडकुंडीला आले होते. विधानसभेचं तिकीट येऊ घातलं होतं, महिन्याभरात प्रचार, आणि डोहवाडीच्या आजूबाजूची तीन-चार गावं डोहवाडीच्या तोंडाकडं बघून मत देणारी. म्हटलं, "वहिनी, घाटावर शब्द द्यायचा नाही, तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं."

"आणि दिलाच तर नुसता पूल करते म्हणायचं. मताचं कशाला मध्ये आणलं?"

वहिनी बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "पुढारी दुसरं काय देऊ शकतो, संगे? माझ्याकडं तेवढंच हाय."

नव्व्याण्णवचा प्रचार मी कधी विसरणार नाही. डोहवाडीची शीव आली की बबनमामा गाडी थांबवायचे, भोंगा बंद करायचे आणि आम्ही गाडी वळवून पुढच्या गावाला. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी डोहवाडीच्या बायकाच शिवेवर येऊन उभ्या होत्या, ओटीचं सामान घेऊन. आबांच्या म्हाताऱ्या कारभारीण, रखमाआज्जी, पुढं. म्हणाल्या, "तू येऊ नको. आम्ही आलो." तिथंच रस्त्यावर ओटी भरली. वहिनींनी वाकून नमस्कार केला, पण तोंडातून मताचा शब्द काढला नाही. डोहवाडीनं न मागता सगळं मत दिलं आणि वहिनी आमदार झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, आमदार झाल्या म्हणजे पूल झाला. मलाही तसंच वाटलं होतं. मी मुंबईला पहिल्यांदा गेले ती त्या पुलासाठी. फाईल या मजल्यावरून त्या मजल्यावर, मग कळलं की दुसऱ्या काठाचा जोडरस्ता शिरूरच्या हद्दीत, तिकडच्या आमदारांच्या पत्राशिवाय पुढं सरकायची नाही. ते दुसऱ्या पक्षाचे, वयानं मोठे, माणूस मिश्कील. वहिनी वळसा घालून त्यांच्या घरी गेल्या.

ते म्हणाले, "वहिनी, पुलाची कल्पना चांगली. पण पूल झाला की नाव तुमचं, आणि धूळ माझ्या काठावर."

वहिनी म्हणाल्या, "नारळ तुम्ही फोडा. दगडावर पयलं नाव तुमचं घाला."

"आणि तुमचं?"

"माझं घातलं न्हाई तरी चालंल."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही राजकारणात टिकायच्या नाहीत," म्हणाले, आणि पत्र दिलं.

नारळ फुटला. खांब पाण्यातून वर यायला लागले. मी दर आठवड्याला जाऊन बघायचे, जसं काय माझंच घर बांधताहेत. कांताक्का पलीकडच्या काठावरून बघायच्या. मग एका उन्हाळ्यात ठेकेदार काम अर्धं टाकून गेला. नवा नेमायचा म्हणजे परत सगळं पहिल्यापासून. खांब उभे, वर काही नाही. त्यांच्यावर बगळे बसायचे. विरोधकांनी त्याला 'वहिनींचे बगळे' असं नाव पाडलं, आणि खरं सांगते, विनोद म्हणून चांगला होता.

पाच वर्षं अशी गेली. पुढची निवडणूक आली तेव्हाही बगळेच होते.

या वेळी न मागता मत मिळणार नव्हतं. गावात बोललं जात होतं, पूल केला नाही म्हणून तोंड दाखवत नाही. ज्या गोष्टीसाठी पाच वर्षांपूर्वी ओटी भरली त्याच गोष्टीसाठी आता नावं ठेवत होते. पक्षाचे लोक येऊन सांगून गेले, डोहवाडीत एक सभा घ्या, हात जोडा, खांब दाखवा, लोक समजून घेतील. ती चार गावं गेली तर जागा गेली. वहिनी ऐकून घेत होत्या आणि चहा देत होत्या.

मग एक दिवस पोपटदादा स्वतः आला, दौंडच्या ऑफिसात, गावची पाच-सहा माणसं घेऊन. बरोबर कांताक्का. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगायला पळाले आणि परत येईपर्यंत बोलणं सुरूसुद्धा झालं होतं.

पोपटदादा म्हणत होता, "आम्ही बघतो ना वहिनी, तुम्ही किती धडपड केली. खांब काय असेच आले का? पर तुम्ही गावात आल्याबिगर पोरं ऐकत न्हाईत. एक डाव या. आम्ही घरचे तुम्हाला शब्दातनं सोडतो. मी मुलगा हाय आबांचा, मी सोडतो."

वहिनी म्हणाल्या, "शब्द तुला दिला व्हता का?"

"न्हाई, पर..."

"मग तू कसा सोडशील?"

एक म्हातारे आप्पा होते बरोबर, ते वैतागले. "अगं बाई, ज्याला दिला तो वर गेला. त्यो काय खाली येऊन सोडणार हाय व्हय? हा तुझा हट्ट झाला. आमदारकी जाईल तुझी."

"आमदारकी काय माझ्या बापाची हाय, आप्पा? आली तशी जाईल."

मग कांताक्का पुढं आल्या. त्या पाच वर्षांत खूप वाळल्या होत्या. वहिनींच्या पुढ्यात खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी त्या दिवशी रागात बोलले. बापाला शेवटचं बघता आलं न्हाई, त्याचा राग तुमच्यावर काढला. माझ्यापायी तुमचं वाटुळं नको. मोडा तो शब्द. मी पाया पडते."

मी दारात ट्रे घेऊन उभी. मला वाटलं, आता हो म्हणतील. हिनंच शब्द मागितला होता, हीच सोडायला आली, यापेक्षा मोठी सुटका कुठली.

वहिनींनी कांताक्कांना उठवून शेजारी बसवलं. त्यांचा हात हातात धरला. मग म्हणाल्या, "तू रागात बोललीस, कांते. मी रागात बोलले न्हवते."

चहा कुणीच प्यायलं नाही.

प्रचारात शेवटच्या दिवशी आमची गाडी डोहवाडीच्या शिवेवरून वळली. या वेळी शिवेवर कुणी नव्हतं. चार पोरं कट्ट्यावर बसलेली, त्यातला एक ओरडला, "वहिनी, बगळे बरे हायेत." बबनमामा गाडी थांबवायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "चला मामा. त्याचं बी खरं हाय."

आम्ही पडलो. फार नाही, थोडक्यात पडलो. जेवढ्या मतांनी पडलो तेवढी मतं त्या चार गावांत होती, हे कुणीही बसून बघितलं तरी दिसत होतं. मी तीन दिवस रडले. मी चोवीस-पंचवीस वर्षांची नव्हते का, मला वाटलं होतं जगात असं होतच नसेल. वहिनी चौथ्या दिवशी सकाळी आवरून बसल्या. म्हणाल्या, "वरवंडला दहावा हाय ना आज? त्यांची गोष्ट काढलीस का?"

घाटावर वहिनींचं नाव आता पहिल्या दोघा-तिघांत पुकारायला लागले. मला लाज वाटायची, त्यांना नाही. त्या म्हणायच्या, लवकर बोलून मोकळं होता येतं. मला मात्र पगार द्यायला त्यांना जमेना आणि घ्यायला मला. मी दौंडला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, लग्नपत्रिका आणि दहाव्याच्या पत्रिका छापते. तेच काम, उलट्या बाजूनं.

आणि पूल झाला. नव्या आमदारांच्या काळात, वर्ष-दीड वर्षात. खांब तर होतेच. उद्घाटनाचे फ्लेक्स दोन्ही काठांवर, पन्नास फोटो. दगडावर नावं भरपूर, वहिनींचं नाही. मी फोन करून तावातावानं बोलले, पेपरात देऊ म्हटलं, सगळी कहाणी छापू. वहिनींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्यावरनं माणसं जायला लागली का?"

म्हटलं, "हो, लागली ना."

"मग झालं तर."

उद्घाटनाला आम्ही गेलो नाही. चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला, दुकान बंद कर आणि ये, डोहवाडीला जायचंय. बबनमामा आता वडापची, म्हणजे माणसं भरून भाड्यानं नेणारी, जीप चालवत होते, त्यांनी त्या दिवसाचं भाडं सोडलं आणि आले. दुपारची वेळ. शीव आली तशी सवयीनं मामांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मग वहिनी म्हणाल्या, "चला आत."

आबांच्या घरासमोर उतरलो. ओट्यावर रखमाआज्जी शेंगा फोडत होत्या, शेजारी कांताक्का. त्या आता दर दोन दिवसांनी चालत यायच्या, चप्पल सुद्धा नदीपलीकडची माती घेऊन आलेली. पोपटदादाची बायको लगबगीनं सतरंजी टाकायला लागली. वहिनी सतरंजीवर बसल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या, पदर सावरला, आणि प्रचारात हात जोडतात तसे हात जोडले.

"मत मागायला आले," म्हणाल्या.

पोपटदादाची बायको गोंधळली. "आता कशाची निवडणूक हाय, वहिनी?"

"कशाचीच न्हाई. पूल झाला. मागायचं ऱ्हायलं व्हतं."

कांताक्कांनी तोंडाला पदर लावला. मला तर काही दिसेना. रखमाआज्जींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देत सावकाश उठल्या, ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि वहिनींचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

"दिलं, बया," त्या म्हणाल्या. "बस आता."